रुडॉल्फ क्लॉसियस : निसटलेल्या उष्णतेचा हिशेब

चुलीवरून उतरवलेले पाणी काही वेळाने निवते. पण निवलेले पाणी आपण होऊन पुन्हा कधीच उकळत नाही. हा अनुभव मानवाला अग्नीइतकाच जुना आहे. मात्र त्यात सृष्टीचा एक मूलभूत नियम दडलेला आहे, हे ओळखून त्याला गणिताचे रूप देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत रुडॉल्फ क्लॉसियस यांचे नाव अग्रभागी आहे.

क्लॉसियस यांचा जन्म २ जानेवारी १८२२ रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील कोस्लिन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील धर्मोपदेशक होते आणि एक लहानशी शाळाही चालवीत. रुडॉल्फ यांनी पहिले धडे त्याच शाळेत गिरवले. पुढे स्टेटिन येथील माध्यमिक शिक्षण संपवून १८४० साली ते बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. पदवीनंतर त्यांनी बर्लिनमधील एका शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवले आणि अध्यापन सांभाळूनच संशोधन चालू ठेवले.

तो काळ वाफेच्या यंत्रांचा होता. कोळशातून निघालेल्या उष्णतेचा फार थोडा भाग कामी येई. उरलेली उष्णता वाया जाई. फ्रान्सचे सादी कार्नो यांनी १८२४ साली दाखवून दिले होते, की यंत्राला काम करण्यासाठी उष्ण आणि थंड अशी दोन टोके लागतात, आणि उष्णता एकीकडून दुसरीकडे जाताना काम घडते. मात्र या प्रवासात उष्णता मुळीच खर्च होत नाही, असे त्यांनी गृहीत धरले होते. इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांचे १८४० च्या दशकातील प्रयोग वेगळेच सांगत होते : काम आणि उष्णता यांचे एकमेकांत रूपांतर होते, आणि त्याचे प्रमाण ठरलेले असते. मग खरे कोणाचे मानावे?

१८५० साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, क्लॉसियस यांनी एका निबंधात हा पेच सोडवला. उष्णतेचा काही भाग कामात रूपांतरित होतो आणि उरलेला थंड टोकाकडे जातो, असे त्यांनी मांडले. त्यामुळे ज्यूल यांचे म्हणणे राखले गेले. कार्नो यांच्या विचारातील चुकीचे गृहीतक गळाले, पण गाभा टिकला. त्या गाभ्याला क्लॉसियस यांनी अगदी साध्या निरीक्षणाचा आधार दिला : उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे जात नाही. त्याच वर्षी ते बर्लिनच्या तोफखाना व अभियांत्रिकी विद्यालयात प्राध्यापक झाले, आणि १८५५ साली झुरिचला गेले.

झुरिचमध्ये १८६५ साली त्यांनी या विचाराला परिपूर्ण रूप दिले आणि एका नव्या राशीला 'एंट्रॉपी' हे नाव दिले. 'वळण, पालट' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ते घडवले, आणि ऊर्जेच्या 'एनर्जी' या नावाशी त्याचे साम्य राहील अशी काळजीही घेतली. ही राशी काय सांगते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. एका मोठ्या साठ्याचे तापमान ४०० केल्विन, तर दुसऱ्याचे ३०० केल्विन आहे, असे समजू. पहिल्यातून दुसऱ्यात १२०० ज्यूल उष्णता सरळ वाहून गेली, तर पहिल्याची एंट्रॉपी ३ एककांनी घटते आणि दुसऱ्याची ४ एककांनी वाढते. ऊर्जा एका ज्यूलनेही कमी झालेली नसते. पण एंट्रॉपी एका एककाने वाढलेली असते. या दोहोंच्या मध्ये आदर्श यंत्र बसवले असते, तर ३०० ज्यूल काम मिळाले असते. ती संधी आता गेली. अखेरीस सारी १२०० ज्यूल उष्णता थंड साठ्यात आहेच. हरवली आहे ती तिची काम करण्याची क्षमता. उलट न फिरणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेत असेच घडते. म्हणूनच विश्वाची ऊर्जा स्थिर राहते आणि एंट्रॉपी वाढत जाते, असा निष्कर्ष क्लॉसियस यांनी काढला.

१८६७ साली ते वुर्त्सबर्गला आणि १८६९ साली बॉन विद्यापीठात आले. पुढच्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले. पन्नाशीला टेकलेल्या या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांचे शुश्रूषा-पथक उभारले आणि रणभूमीवरील जखमींची सेवा केली. त्यात त्यांच्या गुडघ्याला जखम झाली, आणि तिच्या वेदनांनी आयुष्यभर पाठ सोडली नाही. याच सुमारास उष्मागतिकीतील शोधांचे श्रेय कोणाचे, यावरून ब्रिटिश शास्त्रज्ञांशी त्यांचे कडवट वादही झाले. १८७५ साली सर्वांत मोठा आघात झाला : पत्नी आडेलहाइड यांचे बाळंतपणात निधन झाले. सहा मुलांची जबाबदारी एकट्या पित्यावर आली.

या काळात त्यांचे संशोधन मंदावले. पण अध्यापन थांबले नाही. मुलांच्या अभ्यासाकडे ते जातीने लक्ष देत आणि त्यांच्या आनंदात मनापासून रमत. १८७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदकाने गौरवले. १८८६ साली त्यांनी दुसरा विवाह केला. मात्र पुढे फार दिवस लाभले नाहीत. अखेरच्या आजारात अंथरुणावर असतानाही त्यांनी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. २४ ऑगस्ट १८८८ रोजी बॉन येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

गेलेली संधी सृष्टी परत देत नाही, हे क्लॉसियस यांनी गणिताने सिद्ध केले. त्यांचे स्वतःचे नुकसानही भरून येणारे नव्हते. तरीही जवळ उरलेली ऊब निवण्यापूर्वी ती मुलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कामी यावी, यासाठी हा शिक्षक शेवटच्या दिवसांपर्यंत झटत राहिला.