मूत्रपिंडविकारांचा पहिला अभ्यासक : डॉ. रिचर्ड ब्राइट

हृदयाचे कौतुक कवींनी केले, मेंदूचे तत्त्वज्ञांनी केले; मूत्रपिंडांच्या वाट्याला मात्र कोणाचेच कौतुक आले नाही. त्यांच्या कार्याचा नुसता उल्लेखही चारचौघांत करण्याचा आम्हां लोकांस संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायी कित्येक घरांतून दुखणे मुकाट्याने अंगावर काढले जाते. ज्या पुरुषाने आपल्या उमेदीची वीस वर्षे या उपेक्षित इंद्रियाच्या अभ्यासात वेचली, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

चरित्राकडे वळण्यापूर्वी त्या इंद्रियाशी थोडा परिचय करून घेणे बरे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे दोन पिंड असतात. संस्कृत ग्रंथांत यांस वृक्क म्हटले आहे. हैदराबाद-इंदूरकडे गुर्दे हा शब्द अधिक कानांवर येतो. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटीमीटर व वजन सुमारे १५० ग्रॅम. परंतु एवढ्याशा पिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी दोन्ही पिंड मिळून सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला बहुतेक सर्व पुन्हा रक्तास परत करतात. उरलेले दीड लिटरच्या आसपासचे टाकाऊ पाणी दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. या गाळण्या निरोगी असल्या म्हणजे रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. ही एवढी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे.

रिचर्ड ब्राइटचा जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरी २८ सप्टेंबर १७८९ रोजी झाला. वडील व्यापारी व सावकारी पेढीचे भागीदार होते. घराण्याची श्रीमंती वेस्ट इंडीज बेटांच्या व्यापारातून आलेली होती, आणि त्या व्यापाराच्या मुळाशी गुलामांचे श्रम होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. वडिलांना शास्त्रांची आवड होती. मुलाने पेढीवर बसावे असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि १८०८ साली तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. पुढच्याच वर्षी तो वैद्यकाकडे वळला.

पण हा विद्यार्थी केवळ पुस्तकांत रमणारा नव्हता. १८१० साली सर जॉर्ज मॅकेंझी यांच्या तुकडीबरोबर तो आइसलँड बेटावर गेला. त्या सफरीवरील ग्रंथात तेथील वनस्पतींची व प्राण्यांची टिपणे त्याने लिहून दिली. परत आल्यावर तो लंडनच्या गाईज रुग्णालयात शिकावयास राहिला. टॉमस गाय नामक एका पुस्तकविक्रेत्याच्या संपत्तीतून उभी राहिलेली ही संस्था पुढे त्याची कर्मभूमी ठरावयाची होती. १८१३ साली एडिंबरोची एम. डी. पदवी मिळताच तो पुन्हा प्रवासास निघाला. १८१४-१५ च्या हिवाळ्यात, नेपोलियननंतरच्या युरोपची वाटणी करण्यासाठी राजेरजवाडे व्हिएन्नास जमले असता, हा तरुण डॉक्टरही त्याच शहरी होता. तेथून तो हंगेरीत उतरला व खेडोपाडी हिंडला. परतीच्या वाटेवर, वॉटर्लूची लढाई होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा, ब्रुसेल्सची जखमी सैनिकांनी भरलेली रुग्णालये त्याने पाहिली. १८१८ साली त्याचे हंगेरीचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यात स्वतः रेखाटलेली चित्रे होती आणि रोमा म्हणजे भटक्या जिप्सी लोकांच्या बोलीतील शब्दही त्याने टिपून घातले होते. जे दिसेल ते नीट पाहावे, लगेच लिहून ठेवावे, जमल्यास त्याचे चित्र काढावे, ही सवय या प्रवासांत त्याच्या हाडीमांसी खिळली.

लंडनच्या ज्वर-रुग्णालयात काम करीत असता त्यालाच ताप जडून तो मरणाच्या दारातून परतला. १८२० साली गाईजमध्ये तो साहाय्यक वैद्य झाला आणि १८२४ साली पूर्ण वैद्य. मध्यंतरी १८२२ साली डॉ. विल्यम बॅबिंग्टन यांच्या मार्था या कन्येशी त्याचा विवाह झाला. पण पुढच्याच वर्षी मुलास जन्म देऊन ती निवर्तली. पुढे १८२६ साली त्याने दुसरा विवाह केला. त्या विवाहातील एक मुलगा, जेम्स फ्रँक ब्राइट, इतिहासकार म्हणून नावारूपास आला.

आता मुख्य कार्याकडे वळू. त्या काळी अंगावर सूज चढलेले रोगी रुग्णालयात नित्य येत. सकाळी डोळ्यांखालचा भाग फुगलेला, पाय इतके भरलेले की बोट दाबले तर खळगा तसाच राहावा, पोटात पाणी, आणि धाप. वैद्य म्हणत, याला सूज हा रोग झाला आहे. सूज हा रोग नव्हे, ती कोठल्या तरी बिघडलेल्या इंद्रियाची खूण होय, हा विचार थोड्यांनाच सुचला होता. इटलीतील दोमेनिको कोतुन्यो याने अठराव्या शतकातच अशा एका रोग्याची लघवी तापवून पाहिली होती, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली होती. इंग्लंडात वेल्स व ब्लॅकॉल या दोघा वैद्यांनाही तसेच आढळले होते. परंतु हे अल्ब्युमिन येते कोठून, याचा धागा शेवटपर्यंत कोणी नेला नव्हता. ब्राइटने तो नेला.

त्याची साधने पाहिली तर हसू यावे. एक चमचा आणि एक मेणबत्ती! रोग्याची लघवी चमच्यात घेऊन तो ज्योतीवर धरी. ती पांढरी होऊन साखळली की वहीत नोंद होई. रोगी दगावला तर ब्राइट स्वतः शवविच्छेदनाच्या खोलीत जाऊन मूत्रपिंड हातात घेऊन पाही. कधी ते फिकट व मोठे झालेले, कधी आक्रसून खडबडीत, दाणेदार व कठीण झालेले. सूज असून लघवी साखळली नाही, अशा रोग्यांत दोष बहुधा यकृतात वा हृदयात सापडे; साखळली असेल तर मूत्रपिंड बिघडलेले निघे. खाटेवरची सूज, चमच्यातील गोठण आणि मेजावरचे मूत्रपिंड या तिन्ही गोष्टी त्याने एका सूत्रात ओवल्या. १८२७ साली त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात अशा सुमारे दोन डझन रोग्यांची हकीकत होती, आणि सोबत विकृत मूत्रपिंडांची रंगीत चित्रे. जॉन बॉस्टॉक या रसायनज्ञाने लघवीची व रक्ताची परीक्षा करून त्याला साहाय्य केले. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की लघवीवाटे जावयाचा युरिया रक्तात साठत जातो, हेही याच सुमारास उघड होत गेले.

स्कार्लेट फीवर नावाचा, घसा धरून अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप येऊन गेल्यावर मुलांस हा विकार जडतो, हे ब्राइटने नोंदले होते. आजही घशाच्या काही संसर्गांनंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे तोंड सुजते व लघवी चहाच्या रंगाची होते. मूल बाळसे धरीत आहे अशा समजुतीने घरातील वडीलधाऱ्यांनी तिकडे काणाडोळा करू नये, एवढे आम्ही ओघात सांगून ठेवतो.

१८३६ साली त्याने १०० रोग्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसून आली. पुष्कळ रोग्यांचे हृदय वाढलेले होते, पण त्याच्या झडपांत काही दोष नव्हता. मग ते वाढले का? बिघडलेल्या रक्तामुळे शरीरातील अतिसूक्ष्म वाहिन्यांतून ते पुढे ढकलण्यास हृदयाला अधिक जोर करावा लागत असेल, असा एक तर्क त्याने मांडला. रक्तदाब मोजण्याचे मनगटी-दंडपट्टीचे यंत्र रीवा-रोच्ची याने पुढे १८९६ साली तयार केले, हे ध्यानात घेतले म्हणजे या तर्काचे मोल कळते. १८४२ साली गाईजमध्ये केवळ मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी ४२ खाटांचे दोन कक्ष सहा महिने राखून ठेवण्यात आले व त्यांना जोडून एक छोटी प्रयोगशाळा मिळाली. रोग्यांशेजारीच प्रयोगशाळा ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती. त्याच वर्षी विल्यम बोमन याने सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडातील गाळणीची खरी रचना उलगडून दाखविली. तिच्यातील केशवाहिन्यांचे गुच्छ मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६६ सालीच वर्णिले होते.

आणि उपचार? येथे आम्हांस खेदाने लिहावे लागते की, रक्त काढणे, जुलाब देणे, घाम आणविणे व उबदार अंथरुणात पडून राहावयास सांगणे, यांपलीकडे ब्राइटच्या हाती फारसे काही नव्हते. ज्याच्या चमच्यात गोठण दिसली, त्यांतले कित्येक वाचावयाचे नाहीत हे त्याला इतरांहून आधी कळे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वही घेऊन त्याच खाटांपाशी उभा राही. त्याच रुग्णालयात त्याचे सहकारी टॉमस ॲडिसन व टॉमस हॉजकिन हेही असेच रोगाचे मूळ धुंडाळीत होते. तिघांचीही नावे निरनिराळ्या रोगांना चिकटून राहिली. वाटाण्यांवरच्या प्रयोगांमुळे आमच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेला ग्रेगोर मेंडेल १८८४ साली याच ‘ब्राइटच्या रोगाने’ वारला. निकामी मूत्रपिंडांवर खरा तोडगा विसाव्या शतकात निघाला. १९४३ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ याने कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र बनविले, आणि १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे याने एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वी रीतीने बसविले.

ब्राइटला लौकिक पुष्कळ लाभला. १८३७ साली राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांत त्याची नेमणूक झाली. पुढे रुग्णालयातून निवृत्त होऊन तो खासगी व्यवसाय करीत राहिला, आणि १६ डिसेंबर १८५८ रोजी हृदयविकाराने लंडन येथे मरण पावला.

त्याने जपून ठेवलेल्या मूत्रपिंडांपैकी तीन गाईजच्या संग्रहालयात टिकून राहिली होती. १९७२ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे नवे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तिन्हींतील विकार एकच नसल्याचे आढळले. ‘ब्राइटचा रोग’ हे नाव तोवर पाठ्यपुस्तकांतून मावळू लागले होते, आणि त्याच्या जागी मूत्रपिंडशोथाची कित्येक वेगवेगळी नावे आली होती.