फिलिप लोब

फिलिप लोब (२८ मार्च, १८९१:फिलाडेल्फिया, अमेरिका - १ सप्टेंबर, १९५५:न्यूयॉर्क, अमेरिका) हे अमेरिकन रंगभूमी व दूरचित्रवाणीवरील अभिनेते, दिग्दर्शक आणि नटांच्या संघटनेतील कार्यकर्ते होते. द गोल्डबर्ग्ज या मालिकेतील जेक गोल्डबर्ग या भूमिकेमुळे ते घरोघरी ओळखले गेले. शीतयुद्धाच्या आरंभी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्या कलावंतांचे काम हिरावले गेले, त्यांत लोब यांचा समावेश होतो.

रंगभूमीवरील कारकीर्द

लोब यांची जडणघडण न्यूयॉर्कमधील थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेत झाली. १९२५ साली संस्थेने सादर केलेल्या गॅरिक गेटीज या संगीत-विनोदी कार्यक्रमात त्यांनी अभिनय केला व त्याच्या दिग्दर्शनातही भाग घेतला. १९३७ सालचे रूम सर्व्हिस हे त्यांचे गाजलेले नाटक होय. पुढील वर्षी त्यावर निघालेल्या, मार्क्स बंधूंच्या चित्रपटातही त्यांनी काम केले.

ॲक्टर्स इक्विटी या संघटनेत लोब अग्रभागी होते. त्या काळी नटांना तालमींच्या दिवसांचे वेतन मिळत नसे. ते मिळावे यासाठी १९३० च्या दशकात झालेल्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला.

द गोल्डबर्ग्ज

१९४८ साली मी अँड मॉली या नाटकात लोब यांनी गर्ट्रूड बर्ग यांच्या समवेत भूमिका केली. जानेवारी १९४९ मध्ये सीबीएस वाहिनीवर द गोल्डबर्ग्ज ही मालिका सुरू झाली. ब्राँक्समधील एका ज्यू कुटुंबाच्या या कथेत मॉलीची भूमिका लेखिका बर्ग यांची, तर तिचा पती जेक याची भूमिका लोब यांची होती.

काळी यादी

जून १९५० मध्ये रेड चॅनल्स ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून १५१ जणांची नावे छापली होती. लोब त्यांपैकी एक होते. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसल्याचे त्यांनी सांगितले, परंतु प्रायोजकांचे समाधान झाले नाही. बर्ग यांनी आरंभी लोब यांना वगळण्यास नकार दिला. १९५१ साली प्रायोजकाने अंग काढून घेतले आणि मालिका बंद पडली. संपूर्ण संचाची उपजीविका धोक्यात आल्याने अखेर लोब आर्थिक तडजोड स्वीकारून बाहेर पडले. १९५२ साली मालिका एनबीसी वाहिनीवर परतली, ती लोब यांच्याविना.

मृत्यू आणि स्मृती

दूरचित्रवाणीची दारे बंद झाल्याने लोब यांची मिळकत आटली. मनोरुग्ण मुलाच्या उपचारांचा खर्चही त्यांच्यावर होता. अखेरच्या काळात मित्र व अभिनेते झीरो मॉस्टेल यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १ सप्टेंबर, १९५५ रोजी न्यूयॉर्कमधील टाफ्ट हॉटेलात लोब यांनी आत्महत्या केली.

द फ्रंट (१९७६) या चित्रपटातील हेकी ब्राउन हे पात्र काही अंशी लोब यांच्या जीवनावर बेतलेले आहे. ती भूमिका मॉस्टेल यांनीच केली. मॉस्टेल, दिग्दर्शक मार्टिन रिट व पटकथाकार वॉल्टर बर्नस्टीन हे तिघेही काळ्या यादीचे बळी होते.