गुलाबराव महाराजांचे डोळे

आपल्या विदर्भात गुलाबराव महाराजांचं नाव कुणाला सांगावं लागत नाही. भजनी मंडळात, पारायणाला त्यांचा विषय निघतोच. प्रज्ञाचक्षू म्हणून हात जोडले जातात. मैत्रिणींनो, ते डोळे गेले कसे, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज थोडं त्याबद्दल.

महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 चा, अमरावतीजवळच्या लोणी टाकळीचा. आई अलोकाबाई, वडील गोंदुजी मोहोड. घर माधान गावी, शेतकऱ्याचं. बाळ नऊ महिन्यांचं असताना डोळ्यांवर चुकीचं औषध पडलं आणि दृष्टी कायमची गेली. चार वर्षांचे होत नाहीत तोच आई वारली. मग लोणी टाकळीला आजीने सुमारे सहा वर्षं सांभाळलं. आईविना, डोळ्यांविना असलेलं ते पोर आजीने कसं वाढवलं असेल! चरित्रांमध्ये त्या माऊलीच्या वाट्याला दोन ओळी येतात, मला त्या फार थोड्या वाटतात.

ब्रेल त्या काळी आपल्या खेड्यापर्यंत कुठली पोहोचायला! दुसऱ्याने वाचायचं, यांनी ऐकायचं आणि मनात साठवायचं. असं करत वेद, उपनिषदं, वैद्यक, संगीत सगळं आत्मसात केलं. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांचीही चिकित्सा केली. स्वतःची नावंग नावाची भाषा रचली. 1896 साली मनकर्णिकाबाईंशी लग्न झालं, म्हणजे तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे. 1901 मध्ये ज्ञानेश्वर माऊलींनी मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, अशी भक्तांची श्रद्धा आहे. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. श्रीकृष्णाला पती मानून कुंकू, मंगळसूत्र ल्याले. पुरुषाने बाईपण इतकं आदराने अंगावर घ्यावं, हे मला त्यांच्या पांडित्याइतकंच मोठं वाटतं. 20 सप्टेंबर 1915 ला ते गेले. वय अवघं 34, आणि मागे 130 च्या वर ग्रंथ, सगळे तोंडी सांगून उतरवून घेतलेले.

आपण त्यांच्या अंतर्दृष्टीला नमस्कार करतो, करायलाच हवा. पण मला राहून राहून त्या नऊ महिन्यांच्या बाळाचं वाटतं. औषध कुणीतरी चांगल्या मनानेच घातलं असणार. तेच चांगलं मन आजही नागपुरातल्या वस्त्यांमध्ये मला भेटतं, विशेषतः नागीण झाली की.

मागे एका काकूंच्या कपाळावर उजव्या बाजूला आग होऊन पुरळ उठलं. शेजारणीने गेरू लावला, कुणी मंत्रून आणायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पापणी सुजली आणि डोळ्यातही काही थेंब टाकायची तयारी चालली होती. नेमकी मी त्या दिवशी तिथे गेले होते. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तशी त्यांना तडक मेडिकलला नेलं. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड येणं ही डोळा धोक्यात असल्याची खूण असते, कारण नाकाची आणि डोळ्याची ती नस एकच.

नागीण म्हणजे सापाचा कोप नाही. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात, त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून असतो. वय पन्नाशीपुढे गेलं, साखर वाढली, अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो. एका नसेच्या वाटेने येतो म्हणून फोड एकाच बाजूला. तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, ही नुसती भीती. खरी भीती डोळ्याची. बुबुळावर डाग पडतो, आतला दाब वाढतो, नजर जाऊ शकते. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वात चांगलं. उशीर झाला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच. आणि उरलेले थेंब, दुसऱ्याच्या डोळ्यासाठी आणलेलं औषध, मध, गुलाबपाणी असलं काही स्वतःच्या मनाने डोळ्यात घालायचं नाही. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय नकोच.

घरात गरोदर बाई किंवा कांजिण्या न झालेलं लेकरू असेल तर फोड झाकून ठेवा, स्पर्श टाळा, त्यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात. पन्नाशीपुढच्यांसाठी 2023 पासून आपल्याकडे नवी लसही मिळते. दोन डोस, पण महाग आहे, आपल्या बऱ्याच घरांना परवडणारी नाही.

काकूंना दिवसातून पाच वेळा गोळ्या होत्या. वेळ पाळायला त्यांच्या सुनेने मोबाइलचा गजर लावला. डोळा वाचला. कपाळाची आग मात्र पुढे तीन महिने राहिली, केसांतून कंगवा फिरवणंही नको व्हायचं. घरचे म्हणत, डाग गेले, आता कसलं दुखतं? नस दुखावलेली असते, म्हणून दुखतं. त्यालाही औषध आहे, तेही त्यांनी घेतलं.