बेनितो विन्येस

फादर बेनितो विन्येस (१९ सप्टेंबर, १८३७ – २३ जुलै, १८९३) हे स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू व हवामानशास्त्रज्ञ होते. उष्णकटिबंधीय वादळांचे शास्त्रशुद्ध पूर्वानुमान प्रथम करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

जीवन

विन्येस यांचा जन्म स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील पोबोलेदा येथे झाला. १८६८ च्या क्रांतीनंतर जेझुइटांना स्पेन सोडावे लागले. विन्येस फ्रान्समार्गे क्यूबात आले व १८७० मध्ये हवाना येथील बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेचे संचालक झाले. मृत्यूपर्यंत ते या पदावर होते.

निरीक्षणपद्धती

त्या काळी वादळ किनाऱ्यावर येईपर्यंत त्याची खबर लागत नसे. विन्येस यांनी वेधशाळेतील जुन्या नोंदी तपासल्या आणि वायुदाब, वारा व ढगांची दररोज अनेक वेळा निरीक्षणे घेतली. वादळात खालचे वारे केंद्राकडे वळत आत येतात, तर अतिउंचावरील ढग केंद्रापासून बाहेर पसरतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे पिसांसारखे तंतुमेघ क्षितिजावरील ज्या बिंदूपासून पसरलेले दिसतात, त्या दिशेला वादळाचे केंद्र असल्याचे अनुमान करता येई. हा बिंदू सरकत गेला, तर वादळाचा मार्गही कळे. ढगांची ही रचना आणि वायुदाबातील घट यांवरून दूरच्या विक्षोभाचे गांभीर्य ते ताडत.

पूर्वानुमान

११ सप्टेंबर, १८७५ रोजी हवानाच्या वृत्तपत्रांत त्यांचा पहिला वादळ-इशारा प्रसिद्ध झाला. दोनच दिवसांत वादळ क्यूबात पोहोचले. १६ सप्टेंबरला त्याच वादळाने टेक्सासमधील इंडियानोला हे बंदर उद्ध्वस्त केले. पुढे विन्येस यांनी कॅरिबियन बेटांवर निरीक्षकांचे जाळे उभारले. त्यांचे संदेश तारयंत्राने हवानाला येत. लोक त्यांना ‘वादळ-पाद्री’ म्हणू लागले.

ग्रंथलेखन व वारसा

१८७५ व १८७६ मधील वादळांवरील त्यांचा ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा ग्रंथ त्यांनी मृत्यूपूर्वी थोडे दिवस आधी पूर्ण केला. त्यांची पद्धत बेलेन वेधशाळेत पुढेही चालू राहिली. सप्टेंबर १९०० मध्ये एक वादळ क्यूबावरून पुढे गेले, तेव्हा अमेरिकी हवामान खात्याने ते ईशान्येकडे वळेल असे मानले. बेलेनचे अनुमान मात्र टेक्सासच्या दिशेचे होते. क्यूबातील इशाऱ्यांच्या तारा पाठविण्यावर अमेरिकी खात्याने आधीच निर्बंध घातले होते. ८ सप्टेंबरला ते वादळ टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनवर आदळले आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले.