बचावफळीचा सेनापती : जर्नेलसिंग

अमरावती, भातकुली, अकोला या वऱ्हाडी मुलखात कबड्डीचे सामने पाहणाऱ्यांना एक गोष्ट चांगलीच ठाऊक असते. टाळ्या पडतात त्या चढाई करणाऱ्याला. त्याची पकड करणाऱ्याचे नाव घरी पोहोचेपर्यंत विस्मरणात जाते. फुटबॉलमधील बचावपटूच्या वाट्यालाही हेच येते. भारताच्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंत गणले जाणारे जर्नेलसिंग धिल्लाँ आज आठवले जातात, तेही मुख्यतः त्यांनी केलेल्या एका गोलमुळे. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र गोल रोखण्यात आणि पुढे संघ घडवण्यात होते.

जर्नेलसिंग यांचा जन्म १९३६ सालचा. फाळणीने पंजाब दुभंगला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. होशियारपूर जिल्ह्यातील पनाम हे त्यांचे गाव. पंजाबात खेळून नाव झाल्यावर त्यांनी त्या काळातील फुटबॉलची पंढरी असलेले कोलकाता गाठले. राजस्थान क्लबकडून खेळल्यानंतर १९५९ मध्ये ते मोहन बागानमध्ये आले आणि जवळपास दशकभर या संघाच्या बचावफळीचा कणा बनून राहिले. धिप्पाड देह, निर्भय झेप आणि हवेतील चेंडूवरील हुकमत यांमुळे प्रतिस्पर्धी आघाडीपटू त्यांना वचकून असत. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखणाऱ्या भारतीय संघात ते होते.

त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत आला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जबर दुखापत झाली व सहा टाके घालावे लागले. अशा खेळाडूला बचावात उतरवणे धोक्याचे आणि बाहेर बसवणे परवडणारे नव्हते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी तिसराच मार्ग काढला. महाविद्यालयीन काळात जर्नेलसिंग आघाडीला खेळत असत, हे त्यांना माहीत होते. त्यांनी जर्नेलसिंग यांना थेट आघाडीवर धाडले. मागची बाजू अरुण घोष आणि मुंबईच्या कॅलटेक्स संघाचे ओ. चंद्रशेखरन यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी सांभाळली.

उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर भारताने ३-२ असा विजय मिळवला. त्यातील एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. ४ सप्टेंबर रोजी दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना झाला. भारताविरोधी घोषणांनी स्टेडियम दणाणत होते. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि पाठोपाठ जखमी डोक्याच्या जर्नेलसिंग यांनी दुसरा. भारत २-१ असा विजयी ठरला. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही. कर्करोगाने ग्रासलेल्या रहीम यांचे पुढील वर्षीच निधन झाले.

१९६४ मध्ये जर्नेलसिंग यांना अर्जुन पुरस्काराने गौरवण्यात आले. पुढे भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले आणि आशियातील निवडक खेळाडूंच्या संघाचे नेतृत्व करण्याचा मानही त्यांना लाभला.

अनेक नामवंत खेळाडूंची कहाणी निवृत्तीपाशी संपते. जर्नेलसिंग मात्र पंजाबात परतले. १९७० मध्ये खेळाडू म्हणून त्यांनी संतोष करंडक पंजाबला मिळवून दिला. १९७४ मध्ये पंजाबने हा करंडक पुन्हा जिंकला, तेव्हा ते प्रशिक्षकाच्या भूमिकेत होते. जालंधर येथील अंतिम सामन्यात पंजाबने बंगालचा ६-० असा धुव्वा उडवला. ज्या बंगालच्या मैदानांनी त्यांना मोठे केले, त्याच बंगालला त्यांच्या शिष्यांनी नमवले. त्या स्पर्धेत गोलांचा पाऊस पाडणाऱ्या इंदरसिंग यांचे नाव गाजले. प्रशिक्षक पुन्हा पडद्याआडच राहिला. पुढे पंजाब सरकारच्या क्रीडा विभागात उपसंचालक आणि १९९० ते १९९४ या काळात संचालक म्हणून त्यांनी काम पाहिले.

१३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे दम्याच्या विकाराने त्यांचे निधन झाले. जर्नेल या शब्दाचा अर्थच सेनापती. सेनापतीने कधी आघाडीवर लढावे, कधी पिछाडी राखावी आणि कधी बाजूला उभे राहून इतरांना लढू द्यावे, याचे भान त्यांना होते. जकार्ताच्या गोलइतकेच ते भानही स्मरणात राहायला हवे.