डीट्रिख बोनहोफर : वर्गात उभे राहिलेले पाळक

उत्तर बर्लिनमधील कामगार वस्तीतल्या झायन चर्चमध्ये १९३१ सालच्या अखेरीस मुलांचा एक वर्ग कोणालाही आवरेनासा झाला होता. जाणत्या वयात आलेल्या ख्रिस्ती मुलांनी आपल्या श्रद्धेची स्वतः कबुली द्यावयाची, त्या दृढीकरण-विधीच्या तयारीचा तो वर्ग. मुले सुमारे पन्नास. बहुतेकांच्या घरी बेकारी आणि दाटीवाटी. वृद्ध पाळक नव्या शिक्षकाला घेऊन जिना चढू लागले, तेव्हा मुलांनी वरून कचरा टाकून दोघांचे स्वागत केले. पंचवीस वर्षांचे नवे शिक्षक रागावले नाहीत. ते भिंतीला टेकून, खिशात हात घालून स्वस्थ उभे राहिले आणि पुढच्या रांगेलाच ऐकू जाईल अशा हळू आवाजात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीयांची हकिकत सांगू लागले. ऐकण्यासाठी मुलांना गप्प बसावेच लागले. हे शिक्षक म्हणजे डीट्रिख बोनहोफर.

त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. वडील कार्ल बोनहोफर नामांकित मनोविकारतज्ज्ञ होते. आठ भावंडांचे हे घर विद्येचे आणि संगीताचे होते. चर्चमध्ये नियमाने जाण्याची प्रथा मात्र तेथे नव्हती. डीट्रिख यांनी पाळक होण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा थोरल्या भावांनी चर्च ही निस्तेज, मागे पडलेली संस्था असल्याचे बजावले. त्यांचा निश्चय ढळला नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना हार्लेममधील चर्चच्या रविवार-शाळेत त्यांनी मुलांना शिकवले.

त्या काळचा जर्मनी नावाने ख्रिस्ती होता. पण सुशिक्षितांना चर्चची गरज वाटत नव्हती आणि कामगारांना ते धनिकांचे वाटत होते. पहिली उदासीनता बोनहोफर यांना घरातूनच परिचित होती. दुसरी समजून घेण्यासाठी त्यांनी मुलांच्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली. संध्याकाळी मुले तेथे बुद्धिबळ खेळत, इंग्रजी शिकत. त्यांच्या घरी जाऊन ते पालकांना भेटत आणि सुट्टीत मुलांना शहराबाहेर नेत. विधीसाठी मुलांजवळ चांगले कपडे नव्हते, म्हणून त्यांनी कापड आणून दिले. १९३२ च्या मार्चमध्ये त्या मुलांचे दृढीकरण झाले.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि परीक्षेची वेळ बोनहोफर यांच्यावर आली. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी लिहिले की, चर्चने शासनाला जाब विचारावा, पीडित ख्रिस्ती नसला तरी त्याला साहाय्य करावे आणि प्रसंगी अन्यायाचे चाकच रोखून धरावे. मात्र त्याच महिन्यात त्यांची जुळी बहीण सबीने हिचे ज्यू सासरे वारले. अंत्यविधी चालवण्याची विनंती झाली, तेव्हा वरिष्ठांच्या सल्ल्यावरून बोनहोफर यांनी नकार दिला. काही महिन्यांनी बहिणीच्या कुटुंबाला पत्र लिहून त्यांनी या भित्रेपणाची क्षमा मागितली. शब्द धीट होते, पाऊल मात्र मागे पडले होते. ही खंत त्यांनी कधी लपवली नाही.

त्यानंतर लंडनमधील दोन जर्मन मंडळ्यांची त्यांनी सेवा केली. अहिंसेचा प्रतिकार प्रत्यक्ष शिकावा म्हणून गांधीजींच्या आश्रमात राहण्याची त्यांची इच्छा होती. गांधीजींनी निमंत्रणही पाठवले. परंतु मायदेशातून हाक आली आणि ती भेट राहून गेली. नाझी नियंत्रण नाकारणाऱ्या चर्चसाठी पाळक घडवणारे विद्यालय त्यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्ड येथे चालवले. १९३७ मध्ये गेस्टापोने ते बंद केले. १९३९ च्या उन्हाळ्यात मित्रांनी त्यांना सुरक्षित अमेरिकेत नेले. काही आठवड्यांतच ते परतले. संकटात देशबांधवांबरोबर राहिलो नाही, तर युद्धानंतर त्यांच्यासमोर उभे राहण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांना वाटले.

मेहुणे हान्स फॉन डोनानी यांच्यामार्फत ते लष्करी गुप्तचर खात्यात शिरले आणि हिटलरविरोधी कटात सामील झाले. या गटाने चौदा जणांना, मुख्यतः ज्यूंना, स्वित्झर्लंडमध्ये पोहोचवले. ५ एप्रिल १९४३ रोजी बोनहोफर यांना अटक झाली.

टेगेल तुरुंगातून मित्र एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांचे चिंतन सर्वांत प्रखर झाले. ईश्वराचा आधार न घेता आपले प्रश्न सोडवणारा माणूस आता प्रौढ झाला आहे, हे चर्चने मान्य करावे, असे त्यांनी मांडले. अशा माणसाची दुबळी जागा हेरून, आजारात आणि मृत्यूच्या भयात तेवढा ईश्वर पुढे करणे त्यांना अप्रामाणिक वाटे. ज्ञान अपुरे पडेल तेथे ठिगळासारखा लावलेला ईश्वर त्यांना नको होता. भरल्या आयुष्याच्या मध्यभागी त्याची भेट व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. चर्च इतरांसाठी जगेल तरच ते चर्च ठरेल आणि पाळकांनी लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर किंवा स्वतःच्या कष्टांवर निर्वाह करावा, असेही त्यांनी सुचवले.

या विचारांची अखेरची कसोटी एका शाळेतच लागली. ८ एप्रिल १९४५, ईस्टरनंतरचा रविवार. बव्हेरियातील शोनबर्ग गावच्या शाळेच्या खोलीत निरनिराळ्या देशांचे कैदी कोंडलेले होते. त्यांनी बोनहोफर यांना उपासना चालवण्यास सांगितले. ते संकोचले. बहुतेक जण कॅथलिक, ते स्वतः प्रॉटेस्टंट. शिवाय सोव्हिएत अधिकारी वासिली कोकोरिन निरीश्वरवादी. त्यांच्यावर आपली श्रद्धा लादणे बोनहोफर यांना योग्य वाटेना. कोकोरिन यांनीच होकार दिला, तेव्हा त्यांनी शास्त्रपाठ वाचून त्यावर थोडे विवेचन केले, प्रार्थना केली. ती संपताच पहारेकरी त्यांना न्यायला आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. ते अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. पुढे दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली. १९९८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या दर्शनी भिंतीवर विसाव्या शतकातील हुतात्म्यांमध्ये त्यांचा पुतळा बसवण्यात आला.

झायन चर्चमधील दंगेखोर मुले आणि शोनबर्गच्या शाळेतील निरीश्वरवादी कैदी, दोघांसमोर बोनहोफर यांची रीत एकच होती. समोरच्याचे मन प्रथम जाणावे, त्याच्या नकाराचाही मान राखावा आणि मग हळू आवाजात बोलावे. ऐकणाऱ्याचा विश्वास असा मिळवावा लागतो, हे पाळकाइतकेच शिक्षकाला आणि पालकालाही लागू आहे.