घडीची होडी घेऊन मानसरोवरावर गेलेला प्रवासी

मानसरोवराचे नाव मराठी घरांना नवे नाही. मात्र या सरोवराची खोली पद्धतशीरपणे मोजणारा माणूस थेट स्वीडनहून आला होता, हे फारसे ठाऊक नसते. स्वेन हेडिन हे त्याचे नाव. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरच्या, हिमनद्यांच्या पाण्यावर पोसलेल्या या सरोवरात १९०७ च्या उन्हाळ्यात त्याने घोड्याच्या पाठीवरून आणलेली होडी लोटली. या धाडसामागे अनेक महिन्यांची तयारी होती आणि त्या तयारीमागे बारा वर्षांपूर्वीचा एक अत्यंत कटू अनुभव होता.

हेडिन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८६५ रोजी स्टॉकहोम येथे झाला. आर्क्टिक समुद्रातून मार्ग काढून आलेल्या नॉर्देनशॉल्ड यांच्या जहाजाचे १८८० मध्ये स्टॉकहोमने केलेले स्वागत त्यांनी पाहिले आणि पंधराव्या वर्षीच संशोधक प्रवासी होण्याचा निश्चय केला. पुढे बाकू येथे शिकवणी, इराणची भ्रमंती, बर्लिनमध्ये भूगोलतज्ज्ञ रिख्तहोफेन यांच्या हाताखाली अध्ययन असा प्रवास करीत १८९२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

एप्रिल १८९५ मध्ये चार सोबती आणि आठ उंट घेऊन हेडिन तकलामकान वाळवंटात शिरले. अखेरच्या तळ्यावर दहा दिवसांचे पाणी भरून घेण्याची सूचना त्यांनी दिली होती. प्रत्यक्षात बरेच कमी पाणी भरले गेले आणि निघण्यापूर्वी कोणी ते तपासले नाही. चूक उमगली तेव्हा तांडा वाळूच्या टेकड्यांत खोल गेला होता. दोन माणसे तहानेने मरण पावली. उंटांपैकी एकच वाचला. हेडिन कसेबसे खोतान नदीच्या पात्रातील एका डबक्यापर्यंत पोहोचले आणि मागे पडलेल्या कासिम या सोबत्यासाठी त्यांनी स्वतःच्या बुटांतून पाणी नेले. त्या दोन मृत्यूंचा दोष नोकरांवर ढकलून मोहीमप्रमुखाला मोकळे होता येणार नव्हते. पुढच्या मोहिमांत शिध्यापासून शिसाच्या दोरीपर्यंत प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवणारे हेडिन दिसतात, त्याचे मूळ येथे असावे.

१८९९ ते १९०२ या दुसऱ्या मोहिमेत त्यांनी वाळूत गडप झालेले लौलान हे प्राचीन नगर शोधले. वेषांतर करून ल्हासा गाठण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र तिबेटी अधिकाऱ्यांनी हाणून पाडला. तिबेटच्या पठारावरची सरोवरे काठावरून समजत नाहीत, हेही याच मोहिमेत त्यांच्या ध्यानात आले. त्यांची कॅनव्हासची होडी दोन भागांत सुटत असे आणि जनावरावर लादता येई. पाणी दिसताच भाग जोडायचे, शीड उभारायचे आणि ठरावीक अंतरावर वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायची, अशी ही पद्धत होती.

तिसऱ्या मोहिमेसाठी १९०६ मध्ये ते सिमल्याला आले. लंडनच्या सरकारने भारतातून तिबेटमध्ये जाण्याची परवानगी नाकारली. तेव्हा चिनी तुर्कस्तानकडे जात असल्याचे सांगून हेडिन लेहला पोहोचले. तांड्याची जबाबदारी त्यांनी महंमद इसा या जाणत्या तांडाप्रमुखावर सोपवली. पुढे कित्येक आठवडे माणसाची वस्ती भेटणार नव्हती. त्यामुळे माणसांचे तांदूळ-पीठ आणि जनावरांचे धान्य सोबत न्यायचे, आणि ते वाहायला पुन्हा जादा जनावरे घ्यायची, असे हे चक्र होते. तंबू, औषधांची पेटी, हवामानाची उपकरणे, रोख रुपये आणि होडी असा सरंजाम घेऊन ऑगस्टमध्ये तांड्याने लेह सोडले.

होडीची पहिली मोठी परीक्षा चांगथांगच्या ओसाड पठारावरील लाइटन सरोवरात झाली. हेडिन आणि रहीम अली हा सोबती वादळात सापडले. जेमतेम काठ गाठल्यावर होडीचे दोन्ही भाग उपडे करून त्यांच्या आडोशाला त्यांनी रात्र काढली. त्यानंतरची वाटचाल अधिकच कठीण ठरली. थंडी आणि उपासमार यांमुळे बहुतेक जनावरे वाटेतच मेली. फेब्रुवारी १९०७ मध्ये शिगात्से गाठल्यावर ताशी लामांनी हेडिन यांचे आदराने स्वागत केले. मात्र जून महिन्यात साका झोंग येथे महंमद इसा मरण पावला. ज्याच्या भरवशावर मोहीम इथवर आली, त्याला मानसरोवर दिसले नाही.

जुलैच्या अखेरीस हेडिन सरोवराच्या काठी पोहोचले. देवांचे निवासस्थान असलेल्या या पाण्यात होडी घालणारा बुडणारच, असे स्थानिक तिबेटींनी बजावले होते. २७ जुलैच्या रात्री रहीम अली आणि शुकूर अली यांना घेऊन हेडिन निघाले. रात्रभर वल्ही चालत राहिली, दोरी खाली जात राहिली आणि आकडे वहीत उतरत राहिले. पुढच्या एका फेरीत वादळाने होडी काठावर लोटली. तरीही सुमारे महिनाभर काम चालू राहिले. सरोवराची कमाल खोली त्यांना सुमारे ८२ मीटर आढळली. सरोवराला मिळणाऱ्या प्रवाहांचे पाणी त्यांनी मोजले, काठावरचे आठही गोम्पा पाहिले आणि सप्टेंबरमध्ये कैलासाची परिक्रमा केली.

याच प्रवासात ब्रह्मपुत्रा आणि सिंधू यांचे उगम शोधल्याचा त्यांचा दावा मात्र वादग्रस्त ठरला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत १९०९ मध्ये त्यावर आक्षेप घेतले गेले. पुढे १९३० च्या दशकात मानसरोवराच्या परिसरात दीर्घकाळ राहिलेल्या स्वामी प्रणवानंद यांनीही हेडिन यांचे निष्कर्ष तपासून त्यांतील काही अमान्य केले.

राजकारणात हेडिन यांनी अशी चिकित्सा दाखवली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीची बाजू घेतल्याने रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९१५ मध्ये त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. पुढे त्यांनी हिटलरच्या भेटी घेतल्या आणि नाझी जर्मनीला उघड पाठिंबा दिला. त्यांच्या कीर्तीवरचा हा डाग कायम राहिला. २६ नोव्हेंबर १९५२ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे नकाशे, रेखाचित्रे आणि 'सदर्न तिबेट' हा बहुखंडी ग्रंथ आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. या मोहिमांचे श्रेय हेडिन यांच्या नावावर नोंदले गेले. वल्ही मारणारे रहीम अली व शुकूर अली आणि साका झोंगला अखेरचा श्वास घेणारा महंमद इसा यांची नावे मात्र त्यांच्या प्रवासवर्णनाच्या पानांतच राहिली. मानसरोवराच्या खोलीचा तो आकडा या सर्वांच्या कष्टांतून मिळालेला आहे.